चंद्राची काळी बाजू, मुक्काम डाळज

आमच्या गावाचं नाव सांगताना नंबरही सांगावा लागतो. डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन आणि डाळज नंबर तीन. पुण्याकडून सोलापूरच्या रस्त्याने निघालात, भिगवण मागे टाकलंत आणि डाव्या हाताला उजनीचं पाणी चमकायला लागलं, की समजायचं, आलं. कुठला नंबर आला, ते मात्र उतरूनच विचारायचं. एखाद्या गाजलेल्या सिनेमाचे भाग निघावेत तसं आमचं गाव निघालेलं आहे. फरक एवढाच, की सिनेमाचा तिसरा भाग पहिल्यापेक्षा पडेल असतो, असं लोक बिनधास्त म्हणतात. इथे तसं म्हणून पाहा. तिसऱ्या नंबरात माझी सोयरीक आहे.

हे सांगायचं कारण, टिकणं म्हणजे काय, या विषयावर बोलण्याचा आम्हा डाळजकरांना थोडा अधिकार आहे. आमच्या वडिलांची नदीकाठची जमीन उजनीच्या पाण्यात गेली. काय टिकलं आणि काय बुडालं, याचा हिशेब आमच्याकडे दर उन्हाळ्यात, पाणी ओसरलं की, आपोआप मांडला जातो.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली होती. वय सतरा. कानात सदैव दोन पांढरी बोंडं. एका दुपारी ती बोंडं काढून मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही सारखं म्हणता ना, तो पिंक फ्लॉइडचा अल्बम ऐकला मी."

माझी छाती दोन इंच फुगली. म्हटलं, "मग?"

"ठीक आहे. पण आता नाही ना होल्ड अप करत तो. खूपच स्लो आहे."

आमच्या काळी होल्ड अप म्हणजे बंदूक दाखवून बँक लुटणं. मला तेच झाल्यासारखं वाटलं. पन्नास वर्षांची ठेव एका सतरा वर्षांच्या पोरीने भर दुपारी, खारे शेंगदाणे खाता खाता लुटून नेली. त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे. हा लेख म्हणजे त्या तापाचा काढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'द डार्क साइड ऑफ द मून' हा पिंक फ्लॉइड या इंग्रज मंडळींचा अल्बम मार्च १९७३ मध्ये बाजारात आला. गाणी दहा. एकूण वेळ साधारण ४३ मिनिटं. वरती काळ्या मुखपृष्ठावर काचेचा त्रिकोण, एका बाजूने पांढरा किरण आत जातो, दुसऱ्या बाजूने इंद्रधनुष्यासारखे रंग बाहेर पडतात. वाद्यवृंदाचं नाव नाही, गाणाऱ्यांचे फोटो नाहीत. आपल्याकडे साध्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही चाळीस चेहरे असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या संयमाची किंमत कळेल. विषय कोणते? वेळ निघून जाणं, पैसा, मरण, लढाई आणि डोकं फिरणं. थोडक्यात, डाळजच्या पारावर रोज संध्याकाळी चर्चेला असतात तेच.

आता १९७३ चा मार्च आठवा. लंडनमध्ये ही मंडळी ॲबी रोडच्या स्टुडिओतून आपलं काम आटोपून बाहेर पडली होती आणि इकडे आम्ही बहात्तरच्या दुष्काळाच्या पोटात होतो. मी चौदा वर्षांचा. दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. शेजारी माझ्याच वयाचा एक पोरगा बसायचा. तो खडी फोडतानासुद्धा ठेक्यात फोडायचा. दुपारी सुकडी मिळायची आणि घरी त्या लाल मिलोच्या भाकऱ्या. तेव्हा कोणी येऊन सांगितलं असतं, की बाबांनो, विलायतेत एका माणसाने बायकोच्या मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून त्यांचा आवाज टेपवर घेतलाय आणि त्याचं गाणं केलंय, तर आमच्या मुकादमाने त्या नाण्यांची आधी हजेरीपत्रकात नोंद करायला सांगितली असती.

अल्बम माझ्यापर्यंत पोचला तो पाच वर्षांनी, पुण्यात कॉलेजला असताना. वसतिगृहातल्या एका मित्राचे मामा अमेरिकेत होते. मामांनी रेकॉर्ड पाठवली. तिच्यावरून आम्ही निदान वीसजणांनी कॅसेटी भरून घेतल्या. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे महिन्याच्या चहाचं बजेट. तिच्या एका बाजूला ४५ मिनिटं मावतात. फ्लॉइडची ४३ मिनिटं एका बाजूत गपगुमान बसली. दुसरी बाजू कोरी ठेवणं म्हणजे पाप. वडिलांना गीतरामायणाचं वेड. मग पेठेत राहणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडच्या रेकॉर्डवरून दुसऱ्या बाजूला गीतरामायणातली मावतील तेवढी गाणी भरली. म्हणजे एका बाजूला रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिलमर, पाठीमागे गदिमा आणि बाबूजी. अशी कॅसेट अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असावी. पुढे टेपरेकॉर्डरचं हेड सरकलं तेव्हा तर चंद्राच्या काळ्या बाजूमागे अस्पष्ट, उलट्या क्रमाने रामकथा ऐकू येऊ लागली. राम लंकेकडून अयोध्येकडे नव्हे, अयोध्येकडून पुन्हा पाळण्याकडे निघालेला.

वडिलांनी एकदाच चुकून पहिली बाजू लावली. त्यात 'टाइम' नावाचं गाणं आहे. सुरुवातीला कितीतरी घड्याळं एकदम ठणाणा करतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचे आवाज टिपून आणले होते. वडील दचकून बाजूला झाले आणि म्हणाले, "एवढे गजर लावून उठवतायत कुणाला? कुंभकर्ण तर मागच्या बाजूला आहे."

असा हा अल्बम. आणि तो म्हणे टिकत नाही.

पहिला मुद्दा नातीच्या पिढीचा. मी चौकशी केली, की बाई गं, तू ऐकलास म्हणजे नेमकं काय केलंस? चौकशीत निष्पन्न झालं ते असं. तिने तो फोनवर, फुकटच्या खात्यावर लावला. त्यामुळे दहा गाण्यांचा क्रम यंत्राने आपल्या मर्जीने पिसला. सुरुवातीला हृदयाचे ठोके येतात, त्यातून पहिलं गाणं उमलतं, ते दुसऱ्यात मिसळतं. तसं काही झालं नाही. तिला सुरुवातीलाच शेवट ऐकू आला. मग एक जाहिरात. मग घड्याळं. घड्याळं आवडली नाहीत म्हणून पुढचं. मग फरसाणाची जाहिरात. मधे एका मैत्रिणीचा फोन. मग ठोके. मग डोसा आला. हे ऐकल्यावर मी एवढंच विचारलं, की कीर्तनाला गेलीस, पूर्वरंगात बाहेर चप्पल सांभाळलीस, उत्तररंगात प्रसादाच्या रांगेत उभी राहिलीस आणि परत येऊन म्हणालीस, की बुवा काही टिकत नाहीत, तर ते चालेल का? यावर तिचं उत्तर, "आजोबा, कीर्तन स्किप करता येत नाही ना, तोच प्रॉब्लेम आहे."

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

पण दुसऱ्या बाजूचे वकील तिच्याहून घातक. माझा तो मामावाला मित्र सध्या कोथरुडात असतो. त्याला फोन करून ही तक्रार सांगितली, तर तो म्हणाला, "अरे, टिकतोय का काय विचारतोस? १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे हा अल्बम अमेरिकेच्या यादीत होता. जगभरात साडेचार कोटींच्या आसपास प्रती खपल्यात." जसा काही उसाचा उतारा सांगतोय. मी म्हटलं, गड्या, खपणं आणि टिकणं एकच असेल, तर त्याच १९७३ साली निघालेलं 'कालनिर्णय' हा मराठी सारस्वतातला मुकुटमणी ठरतो. तेही घराघरांत आहे, तेही वर्षानुवर्षं खपतंय, त्यातही चंद्राच्या काळ्या बाजूबद्दल महिन्यातून एकदा, अमावास्येला, माहिती असते. पण कालनिर्णय ऐकून रात्री झोप उडालेला माणूस मला दाखव. घरात पाहुणे येणार असले की आठवडा उडतो, ते वेगळं.

मग त्याने दुसरा पत्ता काढला. म्हणाला, "तुझ्या नातीने तो फोनवर ऐकला, इथेच चूक. ही गोष्ट ऐकायची तर मूळची इंग्लंडची रेकॉर्ड हवी, सुई अमुक ग्रॅम वजनाची हवी, स्पीकर कानाच्या रेषेत हवेत." त्याच्याकडे तो अल्बम सहा वेगवेगळ्या प्रतींत आहे. २०२३ साली पन्नास वर्षं झाली म्हणून निघालेली पेटीसुद्धा त्याने घेतली. वहिनींनी त्याच किमतीत नवं स्वयंपाकघर होईल, असा हिशेब मांडला होता, तो त्याने फेटाळला. मी एकदा त्याच्याकडे ऐकायला गेलो होतो. चार मिनिटं गाणं आणि चाळीस मिनिटं वायरींवर व्याख्यान. शेवटी मी विचारलं, "अरे, पण त्या गाण्यात तो म्हणतो काय?" तर म्हणाला, "ते जाऊ दे, डाव्या बाजूच्या झांजेची चकाकी ऐक." अशा माणसाला देवळात नेलं तर तो मूर्तीकडे पाठ करून दगडी खांबाचा घेर मोजत बसेल. नात ऐकत नाही, कारण तिला घाई आहे. हा ऐकत नाही, कारण याला यंत्र आहे. परिणाम एकच.

आणि तिसरा साक्षीदार मी. मी तरी कुठे निष्पक्षपाती? हा अल्बम लावला की मला गाणं कमी आणि वसतिगृहाचा जिना जास्त ऐकू येतो. मामावाल्या मित्राचे तेव्हा डोक्यावर असलेले केस दिसतात. स्वतःचे पण दिसतात. नात 'टिकत नाही' म्हणाली तेव्हा मला लागलं ते पिंक फ्लॉइडला ती बोलली म्हणून नव्हे. त्यांचं काय जातंय? मला वाटलं, ती माझंच मोजमाप घेतेय. आपण एवढी वर्षं ज्याला सोनं म्हणून गाठीला बांधून ठेवलं, ते सराफाने पितळ आहे म्हणून परत केलं, तर उरलेल्या आयुष्यात त्या गाठीचं करायचं काय? जुन्या गाण्यांवरून घराघरांत जी भांडणं होतात, ती गाण्यांवरून नसतातच. 'आमच्या वेळची गाणी' असं आपण म्हणतो, तेव्हा जोर 'आमच्या'वर असतो. म्हणून माझी साक्ष मीच फेटाळून लावली.

मग न्याय करायचा कुणी? ज्याला तो अल्बम माहीत नाही, इंग्रजी येत नाही, ज्याच्या तरुणपणाशी त्याचा संबंध नाही, पण ज्याला कान आहेत, अशा माणसाने. असा माणूस आमच्या घरापासून दोनशे पावलांवर राहतो. दुष्काळी कामावर माझ्याशेजारी ठेक्यात खडी फोडणारा तो पोरगा. आता सगळा गाव त्याला बुवा म्हणतो. भजनात गेली पंचेचाळीस वर्षं पखवाज वाजवतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते, आमच्या गावाला तिचं वळण नाही. म्हणून बुवाच दरवर्षी उठून पालखीकडे जातो.

रात्री गच्चीवर बैठक ठरली. नातीला मी साक्षीदार म्हणून हजर राहण्याचा हुकूम काढला. तिने तिचा मुठीएवढा स्पीकर आणला. मी जाहिराती टाळण्यासाठी एका महिन्याचे पैसे भरले. हा अल्बम दिवे मालवून ऐकावा, असं जाणकार सांगतात. ती व्यवस्था आपोआप झाली. बरोबर साडेआठला वीज गेली. लांब उजनीच्या पाण्यावर एखाददुसऱ्या मच्छीमाराचा कंदील. बाकी काळोख. चंद्राच्या दोन्ही बाजू काळ्या.

ठोके सुरू झाले. बुवा पुढे सरकला. "काळीज हाय का ह्ये?"

"ढोल आहे," मी म्हटलं. "मोठ्या ढोलाचा आवाज कमावून तसा केलाय."

"जमवलंय." एका पखवाजवाल्याने दुसऱ्या ढोलवाल्याला दिलेली ही पोच मी मनात नोंदवून ठेवली.

पुढे 'ऑन द रन' लागलं. त्यात सगळा खेळ यंत्राचा आहे. सिंथेसायझरवर सुरांची एक ओळ वेगाने फिरत राहते. १९७३ साली लोकांना हे ऐकून अंतराळात गेल्यासारखं वाटलं होतं. बुवा मिनिटभर ऐकून ताडकन उठला आणि कठड्यापाशी जाऊन अंधारात बघू लागला. म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, "आरं, मोटार चालू झाली वाटतं. लाईट आली का काय? उसाचं पाणी धरायचं राहिलंय."

नात हसून हसून गच्चीवर आडवी झाली. मीही कबूल केलं. न्याय म्हणजे न्याय. हे गाणं आता टिकत नाही. नवलाईवर उभं केलेलं घर नवलाई ओसरली की पाण्याच्या मोटारीसारखं वाजायला लागतं. अल्बममध्ये अशा एक-दोन जागा आहेत. कोथरुडचा मित्र हे कबूल करणार नाही, आणि म्हणूनच त्याच्या बाकीच्या स्तुतीवर माझा विश्वास बसत नाही.

घड्याळं झाली. 'टाइम' झालं. त्यातला अर्थ मी बुवाला आमच्या भाषेत सांगितला, की पोरगं म्हणतं, दिवस वाया घालवतोय, घालवतोय, आणि एक दिवस बघतो तर दहा वर्षं निघून गेलेली. बुवा म्हणाला, "ह्ये आपल्या महाराजांनी समदं सांगितलंय." मी म्हटलं, हो, पण तेव्हा घड्याळं नव्हती. "म्हणून तर नीट सांगितलंय," बुवा म्हणाला.

आणि मग ती बाई गायला लागली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. पियानोवर रिचर्ड राइट आणि वर क्लेअर टॉरी नावाच्या पंचवीस वर्षांच्या बाईचा आवाज. गाण्याला शब्द नाहीत. विषय मरणाचा आहे, एवढंच तिला सांगितलं होतं आणि शब्द नकोत, असंही. ती एका रविवारी स्टुडिओत आली आणि जे आतून आलं ते गाऊन गेली. हे यातलं काहीच मी बुवाला सांगितलेलं नव्हतं. तो सगळा वेळ काहीबाही बोलत होता, तो गप्प झाला. आवाज वर गेला, फाटायच्या बेतात आला, मग उतरत उतरत श्वासाएवढा राहिला.

बुवा बऱ्याच वेळाने म्हणाला, "कोण गेलं हिचं?"

मी काही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी बुवाची बायको गेली. दहाव्यालासुद्धा त्याला मोठ्याने रडताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी भजनाला येऊन पखवाज वाजवला होता त्याने.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

नातीने लावलं. या वेळी तिने फोन उताणा न ठेवता पालथा ठेवला. दुसऱ्या वेळी बुवाने मान खाली घातली होती. अंधार होता ते बरं.

नंतर त्याने खाकरून व्यवहाराचं विचारलं. "किती दिलं तिला?"

"तीस पौंड. तेव्हाचे साडेपाचशे रुपये धर."

आपली तेव्हाची खडीची हजेरी आठवून बुवा म्हणाला, "लई झालं की."

"पण मग अल्बम एवढा चालला. गाणं तिच्या गळ्यातून आलेलं, रचनेत नाव मात्र तिचं नव्हतं. २००४ साली ती कोर्टात गेली. २००५ साली तडजोड झाली आणि नाव लागलं."

बुवाने बोटांवर हिशेब केला. "त्र्याहत्तर ते दोन हजार पाच. बत्तीस वर्सं. सातबाऱ्यावर नाव लागायला एवढा टाइम लागतोच. तिकडंबी आपल्यासारखंच हाय म्हण की." पाण्यात गेलेल्या जमिनीचे कागद बघत म्हाताऱ्या झालेल्या आमच्या गावात या वाक्याला टाळी पडली असती. गच्चीवर आम्ही तिघेच होतो.

मग 'मनी'. नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची घंटा, आणि हे सगळं एका ठेक्यात. बुवाचा हात मांडीवर पडू लागला. दोन आवर्तनांत त्याने पकडलं. "सात! सात मात्रा हायत. तबल्यावर रूपक म्हण, आमच्या पखवाजावर तीव्रा. आरं, हा साहेब सातात कसा चाललाय बघ!" पुढे सॅक्सोफोनवाला सातातच वाजवून गेला. मग गिटारवाला पुढे आला. बुवा ओरडला, "उतरला! चारावर उतरला! ह्याला सात झेपंना." आणि शेवटी गाणं पुन्हा सातावर आलं तेव्हा बुवाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की समेची जागा मला दोन दिवस दुखत होती.

मी पन्नास वर्षं हे गाणं ऐकतोय. कोथरुडच्या मित्राकडे सहा प्रती आहेत. ही सातवी मात्रा आम्हा दोघांपैकी एकानेही कधी मोजली नव्हती.

आता माझा युक्तिवाद ऐका. 'अल्बम अजून टिकतो का?' असं आपण विचारतो, तेव्हा आपण अल्बमला पूल समजतो. बांधला पन्नास वर्षांपूर्वी, आता त्यावरून ट्रक जाईल का, एवढीच तपासणी. गाण्याचं तसं नाही. गाणं अर्धं टेपवर असतं आणि अर्धं ऐकणाऱ्याने घरून आणायचं असतं. डब्याच्या पंगतीसारखं. नातीने त्या दुपारी काहीच आणलं नव्हतं, तिला रिकामं पान दिसलं. कोथरुडकराने चांदीचं ताट आणलं, पण पोट भरलेलं होतं. बुवाने पंचेचाळीस वर्षांचा ताल आणला आणि दोन वर्षांचं न रडलेलं रडू. त्याचं पान भरलं. आणि हो, गाण्याच्या बाजूने काही कमी पडलं, तर तेही तो लपवत नाही. मोटार ती मोटार.

टिकण्याची काळजी तर खुद्द मालकांनाही सुटलेली नाही. रॉजर वॉटर्सने २०२३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हाच अल्बम एकट्याने नव्याने केला. गिटारची ती गाजलेली वादनं काढून टाकली आणि तिथे स्वतः बोलत बसला. म्हातारपणी आपण दुसरं काय करतो? पण बाबूजींचं बघा. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, तेव्हा बावन्नाची छप्पन्न गाणी झाली. रेडिओवर ती निरनिराळ्या गायकांनी गायली. नंतर सुधीर फडके एकटे, पेटी घेऊन, पुढची कित्येक वर्षं गावोगाव तीच गाणी गात राहिले. गाणं बदललं नाही, आवाज पिकत गेला आणि गाणंही पिकलं. दोन्ही मार्ग आहेत. मला दुसरा पटतो, हे पहिल्या बाजूचा भक्त असूनही सांगतो.

आणि म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. जुनं ते जुनं. त्यातलं काय सोनं ते पाणी ओसरल्यावर कळतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की आमच्याशेजारच्या पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ वर येतं. आजूबाजूच्या घरांचे नुसते चौथरे उरलेत, माती कधीच वाहून गेली. देऊळ उभं आहे. पण ते वर्षभर दिसत नाही म्हणून पावसाळ्यात कोणी 'देऊळ टिकलं नाही' असं म्हणत नाही. पाणी चढलंय, एवढंच म्हणतात. माझ्या नातीच्या कानांत सध्या पाणी चढलेलं आहे. वय सतरा, चढायचंच.

हा दृष्टान्त मी बुवाला ऐकवला, तर त्याने माझ्यावर कडी केली. म्हणाला, "गाथा तेरा दिवस इंद्रायणीत व्हती आन् वर आली, ह्ये तू मानतोस का न्हाई ते राहू दे. पण ती कशामुळं टिकली, सांग? कागदामुळं न्हवं. मान्सांच्या तोंडात व्हती म्हणून." म्हणजे तपासणी करायची तर कागदाची नको, तोंडांची करा. पहिल्याच रात्री माझी परीक्षा संपली आणि मी नापास झालो होतो. पन्नास वर्षं तो अल्बम माझ्या कपाटात होता. तोंडात कुणाच्या दिला होता मी? नातीलासुद्धा 'ऐक' म्हणून नुसतं फर्मान सोडलं होतं. शेजारी बसलो नव्हतो.

तिने गच्चीवरून उतरताना निकाल दिला. "आजोबा, मधलं ते मोटारवालं सोडून, ठीक आहे. ती बाई भारी आहे." सतरा वर्षांच्या तोंडून 'भारी' म्हणजे आपल्याकडचा साहित्य अकादमी पुरस्कार. मग म्हणाली, "त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काय आहे म्हणालात?" मी कपाटातून कॅसेट काढून दिली. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलेला आहे. तो बसवून द्यायचं तिने कबूल केलंय, बसवला की तिघांनी बसून दुसरी बाजू ऐकायची.

आणि परवा एकादशीला देवळात भजन होतं. अभंग रंगात आला. टाळकरी डोलत होते. आठ मात्रांचा भजनी ठेका चालला होता. एकाएकी काहीतरी घसरलं. टाळ एका बाजूला, पखवाज दुसऱ्या बाजूला. तीन आवर्तनं सगळ्या देवळाची त्रेधा उडाली. एक म्हातारे टाळकरी तर टाळ खाली ठेवून चष्मा पुसायला लागले. मग ठेका पुन्हा सरळ झाला, समेवर आला, जिवात जीव आला. बुवाचं वय झालं, असं मागे कोणीतरी हळूच म्हणालं.

मी मात्र मात्रा मोजल्या होत्या. सात होत्या. बुवाने पखवाजावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.